जर-तरची विमाने

ऑगस्ट १९४४मध्ये जर्मनीत युंकर्स २८७ हे जेट बॉम्बर पहिल्यांदा उडाले. त्याचे पंख मागे नव्हे, पुढे झुकलेले होते. धड मात्र हाइन्केल १७७चे, शेपूट युंकर्स ३८८चे, मुख्य चाके युंकर्स ३५२ या मालवाहू विमानाची, आणि नाकाखालची चाके पाडलेल्या अमेरिकन लिबरेटर विमानांची काढून बसवलेली. चाळीस वर्षांनी, डिसेंबर १९८४मध्ये, अमेरिकेत ग्रमनचे एक्स-२९ उडाले. त्याचेही पंख पुढे झुकलेले. पुढचे धड एफ-५चे, मुख्य चाके एफ-१६ची. दोन्ही वेळी अभियंत्यांना तपासायचा होता तो फक्त पंख. म्हणून तेवढा नवा केला आणि बाकीचे उसने घेतले.

प्लॅस्टिकच्या किटांमधले भाग एकत्र करून कधीच न झालेली विमाने घडवणाऱ्या कलेला मी हीच कसोटी लावतो. हौशी मंडळी या प्रकाराला 'व्हॉट-इफ' म्हणतात आणि निरनिराळ्या किटांचे भाग जोडण्याला 'किटबॅशिंग'. उत्तम व्हॉट-इफ मॉडेलमध्ये 'जर' एकच असतो. एकदा तो मान्य केला की चाकांपासून रंगापर्यंत सगळे त्याच्या मागोमाग यायला हवे. या कलेतले हातकाम गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कमालीचे सुधारले आहे. 'जर' मात्र पातळ होत चालला आहे, आणि मला त्याची काळजी वाटते.

किटांची मोडतोड करून नवे काही उभे करण्याची चाल जुनी आहे. १९६५च्या 'थंडरबर्ड्स' मालिकेसाठी डेरेक मेडिंग्जच्या चमूने एअरफिक्सच्या किटांचे भाग सर्रास वापरले. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधल्या अवकाशयानांवर रणगाड्यांच्या किटांमधले तुकडे चिकटवलेले आहेत. पण तिथे रणगाड्याचे झाकण झाकण राहत नाही. यान मोठे वाटावे म्हणून पृष्ठभागावर आणलेला तो खडबडीतपणा असतो. विमानाच्या मॉडेलमध्ये ही सवलत नाही. हवा आत घेणारे तोंड जोडले, तर त्याच्या मागे इंजिन कुठे आहे, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येतोच.

कारखान्यातून आलेल्या कल्पित विमानांत सर्वांत गाजले ते टेस्टर्स कंपनीचे १९८६चे 'एफ-१९'. रडारला न दिसणारे गुप्त विमान अमेरिकेकडे आहे अशी कुजबुज होती. टेस्टर्सने ते कसे असेल याचा अंदाज बांधला आणि किट बाजारात आणले. ते धडाक्यात खपले. जे विमान लोकप्रतिनिधींना पाहता येत नाही ते दुकानात मिळते, अशी तक्रार थेट अमेरिकन काँग्रेसमध्ये झाली. नोव्हेंबर १९८८मध्ये खऱ्या एफ-११७चे छायाचित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा ते सपाट, कोनाकोनांचे निघाले. टेस्टर्सचे मॉडेल गोलाईदार होते. म्हणून त्या किटला चुकीचे ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. त्याच महिन्यात बी-२ बॉम्बर जगापुढे आले आणि त्याचा सारा आकार वळणावळणांचा होता. रडारच्या लहरी गोलाईने चुकवता येतील हा टेस्टर्सचा 'जर' भक्कम होता, आणि अख्खे मॉडेल त्याच्याशी प्रामाणिक होते.

आता ब्रिटनचे टीएसआर-२ घ्या. सप्टेंबर १९६४मध्ये ते उडाले आणि एप्रिल १९६५मध्ये सरकारने प्रकल्प गुंडाळला. प्रत्यक्ष उडाले ते एकच विमान. एअरफिक्सने २००६मध्ये त्याचे १:७२ प्रमाणातले किट काढले आणि व्हॉट-इफवाल्यांना हवा तो ऐवज मिळाला. तेव्हापासून १९९१च्या आखाती युद्धातल्या गुलाबी वाळवंटी रंगातली टीएसआर-२ किती झाली याची गणती नाही. रंगकाम बहुधा देखणे असते. पण त्या रंगाखालचे विमान १९६४चेच राहते. पंचवीस वर्षे सेवेत असलेले लढाऊ विमान असे राहत नसते. त्याच युद्धात गेलेली बकेनियर विमाने पाहा: पंखाखाली लेसरने लक्ष्य दाखवणारा पेव्ह स्पाइक पॉड, शत्रूचे रडार गोंधळवणारा दुसरा पॉड, स्वसंरक्षणासाठी साइडवाइंडर. हे सगळे १:७२ प्रमाणात सुट्या भागांच्या डब्यात सहज सापडते. ते न लावता नुसता गुलाबी रंग दिला, तर कल्पना रंगाच्या डबीपुढे गेलीच नाही असे म्हणावे लागते.

भारतीय हौशींकडे यापेक्षा समृद्ध सामग्री आहे. १९७८मध्ये भारतीय हवाई दलासाठी जॅग्वार आणि मिराज एफ-१ यांच्यासोबत स्वीडनचे साब व्हिगन स्पर्धेत होते. व्हिगनचे आरएम-८ इंजिन मूळच्या अमेरिकन प्रॅट अँड व्हिटनी जेटी-८डी वरून घेतलेले. म्हणून विक्रीला अमेरिकेची संमती लागत होती आणि ती मिळाली नाही. त्याच वर्षी जॅग्वारची निवड झाली. व्हिगनच्या पंखावर तिरंगी चक्र चिकटवले की बहुतेक जण थांबतात. पण खरा 'जर' आणखी मागे आहे. साबने सुरुवातीला रोल्स-रॉइसच्या मेडवे इंजिनाचा विचार केला होता; ते इंजिन पुढे आलेच नाही. मेडवे आले असते तर अमेरिकेच्या हाती नकार उरलाच नसता. म्हणजे भारतीय व्हिगनचे मॉडेल शेपटीपासून सुरू व्हायला हवे. तिरंगी चक्र सर्वांत शेवटी.

आणि मारुत. फोके-वुल्फचे कुर्ट टँक महायुद्धानंतर अर्जेंटिनाला गेले, तिथे त्यांनी पुल्की-२ उडवले, आणि मग बंगळूरला येऊन हिंदुस्तान एअरक्राफ्टसाठी एचएफ-२४ मारुत घडवले. १७ जून १९६१ रोजी ते उडाले. बांधा मॅक २च्या हेतूने आखलेला होता, इंजिने मात्र मिळाली ती आफ्टरबर्नर नसलेली ऑर्फियस ७०३, प्रत्येकी सुमारे २,२०० किलो जोराची. ज्या ऑर्फियस १२वर भिस्त होती, त्याच्या विकासाचा खर्च भारताने उचलावा अशी मागणी आली आणि ती नाकारली गेली. इजिप्तमध्ये फर्डिनांड ब्रांडनर यांचे ई-३०० इंजिन एका मारुतवर बसवून उडवून पाहिले गेले. १९६९मध्ये तोही मार्ग बंद झाला. घरच्या घरी आफ्टरबर्नर बसवलेले मारुत जानेवारी १९७०मध्ये कोसळले आणि ते उडवणारे ग्रुप कॅप्टन सुरंजन दास गेले. टॉर्नेडोतले आरबी-१९९ बसवून एचएफ-७३ करण्याचा बेत कागदावरच राहिला. १४७ मारुत बनली, आणि त्यातल्या एकालाही शेवटपर्यंत साजेसे इंजिन मिळाले नाही. एकाच विमानाचे इतके 'जर', तेही कागदोपत्री नोंदलेले, फार थोड्या देशांकडे असतील.

एचएफ-७३ करायचे म्हटले तर टॉर्नेडोचे किट सहज मिळते. सोपी वाट म्हणजे टॉर्नेडोचा मागचा भाग कापून मारुतच्या धडाला जोडणे. ती चुकीची आहे. आरबी-१९९ जाडीला ऑर्फियसपेक्षा थोडे कमीच. म्हणजे धडाचा मागचा भाग फुगवायची गरज नाही, उलट मारुतची ती निमुळती कंबर जपायला हवी. टॉर्नेडोच्या शेपटीपाशी उलट जोर देणारी झाकणे असतात. ती आली की विमान टॉर्नेडोचे दिसू लागते, म्हणून ती कापून टाकायची. इंजिनाला हवा मात्र ऑर्फियसपेक्षा कितीतरी जास्त लागते. तेव्हा खरे काम पुढे, कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना आहे. हवा घेणारी अर्धगोल तोंडे रुंद करायची, त्यांतले अर्धशंकू त्याच मापाने वाढवायचे, आणि तो फुगवटा पंखाच्या मुळापर्यंत प्लॅस्टिक शीटच्या पट्ट्या व पुट्टीने हळूहळू उतरवत न्यायचा. मग आफ्टरबर्नर इंधन पितो, म्हणून पंखाखाली मोठ्या टाक्या. टाक्यांनी वजन वाढते, म्हणून जाड टायर. एका 'जर'मागून हे सगळे ओळीने येते.

सांधा हा या कलेतला सर्वांत कठीण भाग. पॉलिस्टायरीन विरघळवणारे पातळ सिमेंट दोन तुकडे एकजीव करते, पण दोन किटांचे स्वभाव एक करत नाही. सत्तरच्या दशकातल्या एअरफिक्सच्या किटांवर उठावाचे रिव्हेट असतात, मॅचबॉक्सच्या किटांवर खोल, रुंद चरे, आजच्या किटांवर केसासारख्या बारीक पॅनेल लाइन. पुट्टी लावली, पॉलिश पेपरने घासले, राखाडी प्रायमर मारला की सांधा दिसेनासा होतो. पण पंखावर उठाव आणि धडावर चर असा फरक राहिला तर जाणकार लगेच ओळखतो. जुने उठाव घासून साऱ्या रेषा नव्याने कोरणे हाच उपाय, आणि त्यात आठवडे जातात. तसेच मापाचे. १:७२ प्रमाणात माणूस अडीच सेंटिमीटरचा. १:४८चे धड घेऊन १:७२चे विमान केले, तर कॅनपी आणि आसन आधी बदलायला हवे. हे चुकले की बाकीचे कितीही सुबक असले तरी विमानाचा आकार डोळ्यांना पटत नाही.

'लुफ्ट ४६' या शाखेबद्दल स्पष्ट बोलायला हवे. युद्ध १९४६पर्यंत चालले असते तर जर्मनीने कोणती विमाने उडवली असती, हा त्यातला 'जर', आणि टँक यांच्या टीए-१८३सारख्या आराखड्यांची किटेही मिळतात. आकार म्हणून ती लोभस आहेत. पण नाझी राजवट आणखी वर्षभर टिकली असती या कल्पनेत ती विमाने बांधणारे सक्तीचे मजूरही येतात. खोक्यांवरच्या चित्रांत आणि प्रदर्शनांतल्या मॉडेल्समध्ये ते कुठेच नसतात. हा विसर मला खटकतो. टँकच्या आराखड्यांचे खरे पुढचे आयुष्य अर्जेंटिनातल्या कॉर्दोबात आणि बंगळूरला घडले, आणि ते या कल्पनांपेक्षा जास्त गुंतागुंतीचे आहे.

थ्रीडी प्रिंटरमुळे आता हवा तो भाग घरी छापता येतो. त्याने सोय झाली, पण डब्यात जे आहे त्यातून मार्ग काढण्याची शिस्त सुटली. प्रिंट केलेली पुष्कळशी कल्पित विमाने पडद्यावरच्या खेळातून उतरल्यासारखी सारखी दिसतात. स्पर्धांमध्ये कल्पित विमानांना वेगळा गट मिळू लागला हे चांगले झाले. मात्र परीक्षक सांधे, सरळपणा आणि रंग तपासतात. कारण तपासत नाहीत. आपल्याकडे अडचण आणखी वेगळी. आयात खेळण्यांवरचे शुल्क २०२०मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३मध्ये ७० टक्के झाले, त्यामुळे दोन किटे तोडून एक विमान करणे तरुणांना परवडत नाही. किटांना खेळण्यांपासून वेगळे काढावे, असे माझे ठाम मत आहे.

आयोजकांना एक विनंती: प्रत्येक कल्पित विमानासोबत एका पानाचे टिपण मागा. काय बदलले, केव्हा, आणि त्यामुळे विमानात काय काय बदलले, एवढेच. त्या पानालाही गुण द्या. आणि मारुत करायला घेणाऱ्यांनी आधी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जाऊन तिथले मारुत पाहून यावे. हवा घेणाऱ्या तोंडांची मापे डोळ्यांत भरल्याशिवाय किट कापू नये.