रेषा, हात आणि यंत्र

वास्तुविद्येच्या अभ्यासक्रमांत संगणकावरील रेखनास आज जें स्थान प्राप्त झालें आहे, त्याविषयीं बोलतांना आपल्याकडे दोनच सूर ऐकूं येतात. एक सूर भाटांचा. त्यांच्या मतें यंत्र हातीं आलें कीं विद्या हातीं आली. राहिलें तें केवळ 'प्रगत' शिकवणीचें शुल्क भरणें. दुसरा सूर शोककर्त्यांचा. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर आणि ट्रेसिंग कागद यांबरोबरच वास्तुकलेचा आत्माहि माळ्यावर गेला, असें त्यांस वाटतें. दोन्ही सुरांत उत्साह पुष्कळ. विचार मात्र बेताचाच. म्हणूनच या दुसऱ्या पक्षाची बाजू नुसती हळहळ न करतां युक्तिवादानें मांडणारा एखादा समर्थ ग्रंथ भेटला, तर त्याची छाननी करणें अगत्याचें ठरतें. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड सेनेट यांचा २००८ सालीं प्रसिद्ध झालेला 'द क्राफ्ट्समन' हा असा ग्रंथ होय.

ग्रंथाचा पट विस्तृत आहे. स्ट्रॅडिव्हॅरीची व्हायोलिनें घडविणारी कर्मशाळा, वीटकाम, कांचकाम, स्वयंपाक, इतकेंच नव्हे तर लिनक्स ही संगणकप्रणाली मिळून घडविणारे लोक, या सर्वांतून सेनेट एकच सूत्र ओढीत नेतात: हात आणि बुद्धि यांची फारकत झाली, कीं अधिक हानि बुद्धीचीच होते. वास्तुरेखनाचें प्रकरण हें या सूत्राचें एक उदाहरण. जागेचा नकाशा हातानें पुनःपुन्हां काढतांना तिचे चढउतार, तिच्यावरील झाडें रेखकाच्या मनांत मुरत जातात. यंत्रावर ही पुनरावृत्ति यंत्रच करतें आणि मुरण्याची क्रिया राहून जाते, असें त्यांचें म्हणणें. यंत्र टाकून द्या, असें मात्र ते म्हणत नाहींत. त्याची गति आणि त्याचें बळ त्यांस मान्य आहे. येथवर त्यांचें प्रतिपादन संयमाचें आणि पटणारें आहे.

पण यानंतर पुराव्यादाखल ते अटलांटा शहरांतील 'पीचट्री सेंटर' हें जॉन पोर्टमन यांचें इमारतींचें संकुल पुढें करतात, आणि तेथेंच त्यांचा पाय घसरतो. त्या संकुलांतील उघड्यावरचीं उपाहारगृहें भर उन्हाच्या वेळीं ओस पडतात. चित्रांत तीं मोहक दिसलीं, परंतु दक्षिणेकडील त्या शहराचें ऊन रेखकाच्या गणतींत आलें नाहीं. पडद्यावरील आभासानें प्रत्यक्षाची जागा घेतल्याचा हा परिणाम, असा सेनेट यांचा निष्कर्ष. निरीक्षण मार्मिक आहे; निष्कर्ष त्यांतून निघत नाहीं. या संकुलाच्या प्रमुख इमारतींपैकीं व्यापारभवन १९६१ सालीं, हायट रीजन्सी हें हॉटेल १९६७ सालीं आणि पीचट्री प्लाझा हें उंच हॉटेल १९७६ सालीं उघडलें. ज्या ऑटोकॅड प्रणालीनें संगणकी रेखन सामान्य वास्तुविशारदाच्या कचेरींत नेलें, ती बाजारांत आली १९८२ सालीं. संकुलांत पुढेंहि भर पडत गेली हें खरें. पण त्याचा मूळ पिंड घडला तो त्यापूर्वींच. उन्हाचा विसर पडण्यास संगणकच लागतो, असें नाहीं.

याच्या उलट उदाहरण मुंबईचेंच आहे. चार्ल्स कोरिया यांची 'कांचनजंगा' ही उत्तुंग इमारत १९८३ सालीं पुरी झाली. मुंबईंत समुद्राचा वारा आणि देखावा ज्या दिशेस, त्याच दिशेकडून तापतें ऊन आणि पावसाची झड येते. जुन्या बंगल्यांनीं या पेंचांतून वाट काढली ती खोल्यांभोंवतीं व्हरांडा फिरवून. कोरियांनीं तोच व्हरांडा आकाशांत नेला आणि दोन मजले उंचीच्या उघड्या गच्च्यांत त्याचें रूपांतर केलें. अटलांटा काय आणि मुंबई काय, दोन्हीकडचीं साधनें जवळजवळ एकाच युगांतलीं. एकीकडे उन्हाचा प्रश्न विचारला गेला, दुसरीकडे तो राहून गेला. तेव्हां येथें भेद साधनाचा नव्हे, प्रश्नाचा आहे.

याचा अर्थ सेनेट यांची भीति निराधार आहे, असें मात्र नव्हे. तिचा खरा आधार या उदाहरणांत नसून रेखनाच्या रोजच्या व्यवहारांत आहे. कागदावर नकाशा काढावयाचा तर आधीं प्रमाण ठरवावें लागतें. १:१०० या प्रमाणांत एक मीटरची भिंत एक सेंटिमीटरची होते. तेथें दाराची कडी काढूं म्हटलें तरी काढतां येत नाहीं. म्हणून रेखक प्रथम खोल्यांचा परस्परसंबंध पाही, आणि कडीकोयंड्याचा विचार मोठ्या प्रमाणाच्या नकाशापर्यंत थांबे. कागद असा संयम शिकवीत असे. ऑटोकॅडमध्यें वस्तु पुऱ्या मापानें काढली जाते आणि पडदा हवा तितका जवळ वा दूर नेतां येतो. कडी आणि आखी वसाहत दोन्ही सारख्याच जागेंत मावतात. परिणामीं, खोलीला वारा कोठून यावा हें ठरण्यापूर्वींच नवशिका विद्यार्थी कडीवर दुपार घालवितो. शिवाय पहिल्या दिवशीं ओढलेली रेषा शेवटच्या दिवशींच्या रेषेइतकीच ठाम दिसते. पेन्सिलीची पुसट रेघ 'अजून ठरलें नाहीं' असें सांगत असे. पडद्यावर कच्चें आणि पक्कें यांतला भेद डोळ्यांस दिसेनासा होतो, आणि पाहणाराच नव्हे तर काढणाराहि फसतो.

ही उणीव यंत्राच्या जन्मस्वभावांतली आहे काय? याचें उत्तर शोधण्यासाठीं आरंभाकडे जावें लागतें. आयव्हन सदरलँड यांनीं १९६३ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेस 'स्केचपॅड'विषयींचा आपला प्रबंध सादर केला. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाश-लेखणीनें चित्र काढण्याची ही पद्धति. पण तिचें मर्म रेघ ओढण्यांत नव्हतें. या दोन रेषा समांतर असोत, या दोन बाजू समान असोत, असे संबंध रेखकानें सांगावे आणि यंत्रानें ते पाळावे. मूळ आकृति बदलली कीं तिच्या सर्व प्रतिकृति बदलाव्या, हें तें मर्म. कागदावरील शाईस चित्रांतले संबंध ठाऊक नसतात. स्केचपॅडला ते ठाऊक होते. दैवयोग असा, कीं पुढें जें साधन कचेऱ्याकचेऱ्यांतून पोंचलें तें बहुतांशीं कागदाचीच नक्कल ठरलें. असे संबंध बांधण्याची सोय ऑटोकॅडमध्यें आली ती '२०१०' या आवृत्तींत, म्हणजे पंचेचाळीसांहून अधिक वर्षांनीं. दरम्यान २००० सालीं आलेल्या रेव्हिटनें निराळा मार्ग धरला होता: भिंत म्हणजे दोन रेषा नव्हेत, ती भिंतच, आणि दार तिचें आश्रित. तेथें भिंत पुसली तर दारहि जातें.

'प्रगत' शिक्षण म्हणजे काय, याचें उत्तर येथें मिळतें. साध्या जिन्याचें उदाहरण घ्या. मजल्याची उंची तीन मीटर. पायरीचा चढ १५ सेंटिमीटर धरला तर वीस चढ होतात. सतराव्या शतकांतील फ्रेंच आचार्य ब्लाँदेल यांच्या नांवानें चालत आलेला आडाखा असा, कीं दोन चढ आणि पायरीची एक रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाइतकी यावी. आज ती सुमारें ६० ते ६५ सेंटिमीटर धरतात. म्हणून रुंदी ३० सेंटिमीटर. एकोणीस पायऱ्यांच्या सरळ जिन्याची लांबी ५.७ मीटर. आतां घरमालकानें मजला ३० सेंटिमीटरनें उंच करण्यास सांगितलें. चढ झाले बावीस, पायऱ्या एकवीस, लांबी ६.३ मीटर. जिना साठ सेंटिमीटर पुढें सरकला आणि समोरच्या दारांत आला! ज्यानें केवळ रेषा काढल्या त्यानें सारें पुन्हां काढावें. ज्यानें संबंध सांगून ठेविला त्यास यंत्र ही अडचण क्षणांत दाखवितें. पण तो संबंध सांगणार कोण? ज्यानें जिना स्वतःच्या पावलांनीं मोजला आहे, घरांतील वृद्धांस तो चढतांना पाहिलें आहे, तोच. ज्यानें आज्ञांची यादी तेवढी पाठ केली आहे, त्याच्यापाशीं यंत्रास सांगण्याजोगें कांहींच नसतें.

हात आणि यंत्र यांच्या सलोख्याचें मोठें उदाहरण बार्सिलोना येथील साग्रादा फामीलिया या मंदिराचें. त्याचे शिल्पकार अंतोनी गौदी १९२६ सालीं वारले. १९३६ च्या यादवींत त्यांच्या कर्मशाळेचा नाश झाला आणि प्लास्टरच्या प्रतिकृति फुटल्या. १९७९ पासून त्या कामाशीं निगडित झालेले न्यूझीलंडचे वास्तुविशारद मार्क बरी यांनीं उरल्यासुरल्या तुकड्यांवरून गौदींची भूमिति प्रथम हातानें उलगडली. वरवर मुक्त वाटणारे तेथील वक्र पृष्ठभाग वस्तुतः सरळ रेषा ठराविक रीतीनें फिरवून निर्माण होतात. पुढें विमानें रचण्यासाठीं केलेल्या संगणकप्रणालीचें साह्य घेण्यांत आलें. मुख्य दालनाचें छत पुरें झालें आणि २०१० सालीं मंदिराचा अभिषेक झाला. यंत्रास काय विचारावें हें हातानें आधीं शोधून ठेविलें होतें, म्हणून यंत्राचें उत्तर कामास आलें.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. मुलामुलींच्या या शिक्षणासाठीं पदरमोड करणाऱ्या कुटुंबांचा त्याशीं निकट संबंध आहे. शिकवणीवर्ग निवडतांना आज्ञा किती शिकवितात किंवा चित्रें किती झगझगीत निघतात, हें विचारून भागत नाहीं. विद्यार्थी प्रत्यक्ष जागा टेप धरून मोजतो काय? नकाशा ठरलेल्या प्रमाणांत छापून, चार हात दूर उभा राहून, तो पाहतो काय? एक माप बदललें असतां आणखी काय काय बदलेल, हें यंत्रास हात न लावतां त्याला सांगतां येतें काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें नकारार्थी असतील, तर त्या वर्गास प्रगत म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग होय. आणि त्याची किंमत अखेरीस विद्यार्थ्यापेक्षांहि अधिक भरावी लागते ती त्याच्या नकाशावरून बांधलेल्या घरांत राहणारांस. पश्चिमेच्या उन्हांत तापणारी खोली पुसण्याची सोय कोणत्याहि यंत्रांत नाहीं.

असो. सेनेट यांचें अटलांटाचें उदाहरण त्यांच्या सिद्धान्ताचा भार पेलूं शकत नाहीं. सिद्धान्त मात्र त्या उदाहरणापेक्षां बळकट आहे. यंत्र हाताची फारकत घडवून आणतें असें नव्हे; फारकत आधींच झाली असेल, तर ती लपवून ठेवणें तें फार सोपें करून देतें. इतका भेद ध्यानांत ठेवून वाचल्यास 'द क्राफ्ट्समन' हा ग्रंथ वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या शिक्षकांस दोघांसहि उपकारक ठरेल, यांत संदेह नाहीं.