उपयोग संपल्यानंतरचा माणूस
(‘रेड ऑर डेड’ या कादंबरीच्या निमित्ताने)

खेळावरची पुस्तके बहुधा विजयाच्या क्षणी संपतात. चषक उंचावला जातो, जमाव जल्लोष करतो आणि लेखक लेखणी खाली ठेवतो. त्यानंतर तो माणूस घरी जातो, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी उठतो आणि त्याच्यापुढे सारा दिवस मोकळा पसरलेला असतो. या मोकळ्या दिवसाची नोंद घेण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. इंग्रज कादंबरीकार डेव्हिड पीस यांनी ती घेतली. २०१३ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ‘रेड ऑर डेड’ ही ७०० हून अधिक पृष्ठांची कादंबरी लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे स्कॉटिश मॅनेजर बिल शँकली यांच्यावर आहे. फुटबॉलच्या सामन्याप्रमाणे तिचे दोन भाग आहेत. पहिल्यात शँकली यांची लिव्हरपूलमधील पंधरा वर्षे येतात, तर दुसऱ्यात निवृत्तीपासून मृत्यूपर्यंतची सात. कादंबरीचे खरे मोल या दुसऱ्या भागात आहे, असे माझे मत आहे.

ज्यांना फुटबॉलशी फारसे कर्तव्य नाही त्यांच्यासाठी प्रथम हा माणूस कोण ते सांगायला हवे. २ सप्टेंबर १९१३ रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यातील ग्लेनबक या कोळसा खाणीच्या खेड्यात शँकली यांचा जन्म झाला. घरात दहा मुले. त्यांतले पाचही भाऊ व्यावसायिक फुटबॉलपटू झाले. शाळा सुटताच बिल खाणीत कामाला लागले. पुढे खाण बंद पडली, गाव ओसरत गेले. १९३२ साली ते इंग्लंडमधील कार्लाइल युनायटेडकडे गेले आणि पुढच्याच वर्षी ५०० पौंडांना प्रेस्टन नॉर्थ एंडने त्यांना घेतले. तेथे ते राइट हाफच्या जागी खेळले. १९३७ साली एफ. ए. कपचा अंतिम सामना हरले, १९३८ साली जिंकले. स्कॉटलंडकडून पाच अधिकृत सामने खेळले आणि मग महायुद्ध आले. खेळाडूच्या उमेदीची सहा-सात वर्षे त्यात गेली.

१९४९ साली कार्लाइलमध्येच त्यांनी मॅनेजरपद स्वीकारले. तेथून ग्रिम्स्बी, वर्किंग्टन आणि हडर्सफील्ड असा प्रवास झाला. हे सारे क्लब लहान किंवा खर्चाला हात आखडणारे. वर्किंग्टनला तर संघ घडवण्याबरोबर फोन घेणे, जुन्या टाइपरायटरवर पत्रांना उत्तरे देणे आणि बँकेतून खेळाडूंचा पगार आणणे ही कामेही तेच करीत. डिसेंबर १९५९ मध्ये ते लिव्हरपूलला आले तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता, मैदानाची आणि सराव केंद्राची रया गेलेली होती. त्यांच्या कारकिर्दीतला पहिलाच सामना संघ चार गोलांनी हरला. १९६२ साली मात्र संघ पहिल्या श्रेणीत चढला. १९६४, १९६६ आणि १९७३ साली लीगचे अजिंक्यपद, १९६५ आणि १९७४ साली एफ. ए. कप, १९७३ साली युएफा कप अशी पुढची यादी आहे. आणि १२ जुलै १९७४ रोजी, यशाच्या ऐन शिखरावर, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी राजीनामा दिला. सारे शहर अवाक झाले.

कादंबरीचे कथन १९५९ साली सुरू होते. आधीची वर्षे आठवणींच्या ओघात येतात तेवढीच. पीस यांची शैली ही या पुस्तकाची पहिली अडचण आणि पहिले वैशिष्ट्यही होय. एकच वाक्य, एकच कृती, एकच नाव ते पुन्हा पुन्हा लिहितात. प्रत्येक सामना, प्रत्येक संघाची अकरा नावे, प्रेक्षकांची संख्या, निकाल. सर्वनामे त्यांनी जवळजवळ टाकूनच दिली आहेत. ‘तो’ म्हणण्याऐवजी दर वेळी ‘बिल’. मराठीत ही लकब आणणे कठीण जाईल. आपल्याकडे ‘उठला, जिना उतरला, खिडकीपाशी गेला’ एवढे म्हटले की कर्ता क्रियापदातच दिसतो. नाव घेण्याची गरज पडत नाही. पीस गरज नसताना नाव घेतात. त्यामुळे सुरुवातीची पन्नास पाने वाचताना वाचक कंटाळतो, चिडतो, पुस्तक मिटून ठेवतो.

पण ज्या घरांत रोज संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना होते त्या घरांतील वाचकाला या पुनरुक्तीचे मर्म इतरांपेक्षा लवकर कळावे. पन्नास वेळा तीच प्रार्थना म्हणताना पन्नासाव्या वेळी शब्द नवे नसतात, म्हणणारा थोडा निराळा झालेला असतो. मरियामातेच्या लितानीत एकामागून एक बिरुदे येतात. त्यांतली माहिती कोणी ऐकत नाही, लय ऐकतात. पीस यांनी संघाच्या नावांची अशीच माळ केली आहे. यीट्स, सेंट जॉन, हंट, कॅलाहन ही नावे दर आठवड्याला येतात आणि एके दिवशी त्यांतले एक नाव येत नाही. त्या जागी दुसरे असते. लेखक काही स्पष्टीकरण देत नाही. मण्यांच्या माळेतला एक मणी बदलला, हे बोटांना कळावे तसे ते वाचकाला कळते. एका कारकिर्दीचा अस्त इतक्या थोड्यात सांगणारे दुसरे लेखन माझ्या पाहण्यात नाही.

या शैलीमागे शँकली यांचे तत्त्वही उभे आहे. त्यांचा समाजवाद पुस्तकी नव्हता, खाणीतला होता. सर्वांनी एकमेकांसाठी राबावे आणि फळ सर्वांनी वाटून घ्यावे, ही त्यांची श्रद्धा. सरावातही ते नवनव्या युक्त्यांमागे धावले नाहीत. चेंडू घ्या, द्या, पुढे सरका, पाच-पाच जणांचे छोटे सामने, रोज तेच. १९६६ साली संघाने अजिंक्यपद मिळवले ते संपूर्ण हंगामात अवघे चौदा खेळाडू वापरून. साध्या कामाची रोजची आवृत्ती म्हणजेच परिपूर्णता, हे त्यांचे सूत्र होते आणि पीस यांचे वाक्यही त्याच सूत्राने चालते. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठातील ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरातली कामे करता करता देवाच्या सान्निध्यात राहत असत, त्याची या ठिकाणी आठवण होते. कादंबरीतला बिल टेबलावर सुऱ्या-काटे मांडून सामना आखतो, पराभवानंतर ओव्हन घासत बसतो. ही वर्णने लांबलचक आहेत, पण त्यांतला माणूस घासत असतो तेव्हा खरोखर घासत असतो.

येथवर स्तुती झाली. आता आक्षेप.

फुटबॉल हा जीवनमरणाहून मोठा आहे, अशा आशयाचे शँकली यांचे एक विधान जगभर सांगितले जाते. ते त्यांनी मिस्किलपणे केले असेलही, पण त्याची किंमत कोणीतरी मोजली. पत्नी नेसी हिने मोजली. रात्री उशिरा येणाऱ्या आणि आल्यावरही मनाने मैदानावरच असणाऱ्या नवऱ्याची तिने वर्षानुवर्षे वाट पाहिली. कादंबरीत ती आहे, पण बहुधा दाराआड, जिन्याच्या वर, निजलेली. लेखकाने बिलच्या प्रत्येक हालचालीला नाव दिले. तिच्या एकटेपणाला मात्र शब्द फार कमी दिले आहेत.

दुसरी किंमत जायबंदी खेळाडूंनी मोजली. जखमी खेळाडूशी शँकली बोलतही नसत, हे त्यांच्या खेळाडूंनीच पुढे सांगितले आहे. जो खेळू शकत नाही तो संघाच्या उपयोगाचा नाही. म्हणून तो जणू नाहीच. सर्वांनी सर्वांसाठी राबावे, या उदात्त तत्त्वाची ही काळी बाजू होय. जो राबू शकत नाही त्याचे काय, या प्रश्नाला त्या तत्त्वात उत्तर नव्हते. फेब्रुवारी १९७० मध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या वॉटफर्डकडून कपच्या सामन्यात पराभव झाला आणि शँकली यांनी आपला लाडका संघ मोडायला घेतला. ज्यांच्या बळावर क्लब उभा राहिला, त्यांना जावे लागले. खेळाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पुढचे यश त्यातूनच आले. पण योग्य गोष्टही कोणाला तरी लागते, आणि या सवयीचे नैतिक ओझे पीस यांच्या भक्तिभावाने हलके केले आहे, असे वाटत राहते.

असे असूनही दुसरा भाग वाचताना हा आक्षेप पुस्तकाच्या आतूनच उत्तर मागू लागतो. निवृत्तीनंतर शँकली सवयीने मेलवुडच्या सराव मैदानावर जात. खेळाडू त्यांना अजूनही ‘बॉस’ म्हणत आणि नवे मॅनेजर बॉब पेस्ली शेजारी उभे असत. कोणालाच काय करावे कळेना. हळूहळू त्यांना जाणवू दिले गेले की आता येऊ नये. क्लबने आपल्याला दूर ठेवले, ही खंत त्यांनी १९७६ सालच्या आत्मचरित्रात उघड मांडली. जखमी खेळाडूकडे पाठ फिरवणारा माणूस आता त्याच मापाने मोजला जात होता. तो खेळवू शकत नव्हता, म्हणून जणू नव्हता.

पीस यांनी या ठिकाणी एक सूचक जोडी उभी केली आहे. १९७५ साली लिव्हरपूलच्या रेडिओ सिटीवर शँकली यांनी तत्कालीन पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्याशी संवाद केला. कादंबरीत त्याला विस्ताराने जागा मिळाली आहे. पुढच्याच वर्षी विल्सन यांनीही, साठाव्याच वर्षी, अनपेक्षितपणे पद सोडले. आपण होऊन खुर्चीवरून उठलेल्या माणसालाही खुर्ची सुटत नाही, हे त्या गप्पांतून वाचकाला आधीच ऐकू येते.

मग उरलेल्या सात वर्षांत शँकली यांनी काय केले? आलेल्या पत्रांना उत्तरे दिली. वर्किंग्टनमध्ये गरजेपोटी टाइपरायटरवर बसणारा माणूस आता अनोळखी लोकांसाठी बसला. दाराशी आलेल्यांशी बोलला. गल्लीतल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळला आणि तेही जिंकण्याच्या ईर्ष्येने. यातल्या कोणाचाही त्याला काही उपयोग नव्हता. मैदानावर ज्या गोष्टीला जागा नव्हती ती त्याला घराच्या दाराशी सापडली. समोरच्याकडून काहीही मिळायचे नसताना त्याला आपला वेळ देणे, याला आपण ख्रिस्ती लोक एक जुना शब्द वापरतो. कादंबरी तो शब्द वापरत नाही. वापरला नाही हेच बरे.

२९ सप्टेंबर १९८१ रोजी हृदयविकाराने शँकली यांचे निधन झाले. पुढे ॲनफील्डच्या प्रवेशद्वाराला त्यांचे नाव दिले गेले, १९९७ साली तेथे त्यांचा पुतळा उभा राहिला. जिवंतपणी ज्याला आत कसे घ्यावे हे क्लबला कळले नाही, त्याला मृत्यूनंतर दारातच उभे केले. हा उपरोध कोणा एका क्लबपुरता नाही. तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेले गुरुजी शाळेच्या फाटकाशी घुटमळतात. आयुष्यभर गायनवृंद सांभाळलेली व्यक्ती मागच्या बाकावर बसून नव्या मंडळींचे गाणे ऐकते. आपण त्यांना नमस्कार करतो आणि लगबगीने पुढे जातो. सत्कार समारंभ वर्षातून एकदा होतो. मंगळवारची रिकामी दुपार दर आठवड्याला येते.

‘रेड ऑर डेड’ ही निर्दोष कादंबरी नाही. ती लांब आहे, एकसुरी आहे, आपल्या नायकाच्या प्रेमात आहे. तरीही त्या रिकाम्या दुपारला तिने शेकडो पाने दिली आणि चषकांइतक्याच गांभीर्याने दिली. ज्यांच्या घरात नुकतेच कोणी निवृत्त झाले आहे, त्यांनी फुटबॉल कळत नसला तरी ती वाचावी. पहिल्या भागात कंटाळा आला तर पुस्तक मिटू नये; माळ अर्ध्यावर ठेवली तर ती पुरी होत नाही.