'बापडो' म्हणण्यापूर्वी

गेल्या श्रावणात फोंड्यास एका स्नेह्यांच्या घरी मुक्काम पडला असता 'डब्ल्यू.' हा अमेरिकन चित्रपट पुन्हा एकवार पाहण्याचा योग आला. २००८ च्या ऑक्टोबरात तो प्रथम पडद्यावर आला तेव्हा ज्यांच्या चरित्रावर तो बेतला होता ते जॉर्ज डब्ल्यू. बुश अद्याप अध्यक्षपदावर होते आणि आम्ही नुकतीच वकिलीची सनद घेतलेले होतो. त्या वयात, उसन्या तबकडीवर तो पाहून आम्ही पोट धरधरून हसलो होतो. या खेपेस आमच्या शेजारी यजमानांचे सासरे बसले होते. निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या घरात, इराकच्या युद्धाचे वर्तमान रोज पेन्सिलीने खुणा करून वाचलेले गृहस्थ. पहिला तासभर तेही मनसोक्त हसले. शेवटचे दृश्य सरले, नावांची यादी पडद्यावर चढू लागली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हलक्या आवाजात उद्गारले, "बापडो!"

हा एक कोंकणी शब्द आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही. सत्तेवर असलेल्या, निम्म्याहून अधिक प्रजेच्या रोषास पात्र झालेल्या राज्यकर्त्याचे विडंबन करावयास दिग्दर्शक निघतो, आणि विडंबन संपते तेव्हा एका चोखंदळ प्रेक्षकाच्या तोंडून करुणेचा शब्द निघतो. हे कलेचे यश म्हणावयाचे की विडंबनाचा पराभव?

प्रथम चित्रपटाविषयी. दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोन, पटकथालेखक स्टॅन्ली वायझर. स्टोन आणि बुश दोघेही १९४६ चे, दोघेही १९६४ साली येल विद्यापीठात दाखल झालेले. पुढे एक पदवी न घेताच व्हिएतनामच्या युद्धावर गेला आणि दुसरा यथावकाश राष्ट्राचा अध्यक्ष झाला. शीर्षकातले अक्षर बुश यांच्या मधल्या नावाचे, म्हणजे 'वॉकर'चे. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लागते आणि त्यावरून वंश कळतो. येथे पिता-पुत्र दोघेही जॉर्ज, दोघेही बुश, दोघेही अध्यक्ष, आणि मुलगा ओळखावयाचा तो या एका अक्षरावरून. चित्रपटाची सारी मांडणी या अक्षरात सामावली आहे. बापासारखे होता येत नाही आणि बापापासून सुटताही येत नाही, अशा मुलाची ही कथा आहे. महाविद्यालयातील मद्यपान, तेलविहिरीवरची अर्धवट सोडलेली नोकरी, १९७८ च्या काँग्रेसच्या निवडणुकीतील पराभव, चाळिशी उलटताच दारूला दिलेला निरोप, मग धर्माकडे वळलेले मन, टेक्सासचे राज्यपालपद आणि अखेर इराक, असे टप्पे मागेपुढे करीत दिग्दर्शक आपणांस नेतो.

जॉश ब्रोलिन यांनी बुश उभे केले आहेत, आणि त्या कामाची तारीफ करावी तेवढी थोडी. त्यांनी नक्कल केलेली नाही. बोलण्याची ढब, खांदे पुढे टाकून चालणे आणि तोंडात घास असताना राज्यकारभाराची भाषा करणे, एवढ्या तीन खुणांवर त्यांनी माणूस उभा केला. या चित्रपटात अध्यक्ष सतत काही तरी खात असतात, हे ज्याने नीट पाहिले असेल त्याला दिग्दर्शकाचा विनोद कोठे आहे ते कळेल. उलट, कॉन्डोलीझा राइस यांच्या भूमिकेत थँडी न्यूटन यांनी हुबेहूब आवाज काढण्याचा जो खटाटोप केला आहे, तो एखाद्या स्नेहसंमेलनातील नकलेसारखा वाटतो आणि त्या खोलीत आल्या की रंगाचा बेरंग होतो. जेम्स क्रॉमवेल यांनी मात्र थोरल्या बुश यांची नक्कल करण्याच्या भानगडीतच न पडता केवळ एक उंच, थंड, न रागावता नापसंती दाखविणारा बाप उभा केला. असा बाप ज्याने घरी पाहिला असेल त्याला पुढचे काही सांगावे लागत नाही.

विडंबन म्हणून दोन प्रसंग खरोखर पहिल्या प्रतीचे आहेत. एकात अध्यक्ष आणि त्यांचे सल्लागार युद्धाची चर्चा करीत शेतावरच्या रस्त्याने पायी निघतात आणि भर उन्हात वाट चुकतात. भाष्याचा एक शब्द नाही. रस्ता चुकलेली ती प्रतिष्ठित मंडळी पुरे. दुसरा प्रसंग मंत्रणागृहातला. उपाध्यक्ष चेनी (रिचर्ड ड्रायफस) भिंतीवरच्या नकाशापुढे उभे राहून तेलाचा हिशेब मांडतात. तेथून बाहेर कसे पडावयाचे हा प्रश्न निघतो तेव्हा बाहेर पडावयाचेच नाही, असे उत्तर मिळते. कॉलिन पॉवेल तेवढे विरोध करतात, आणि पुढे तेच राष्ट्रसंघात जाऊन त्या युद्धाची कैफियत मांडतात. येथे हसू ओठांवरच थिजते.

मग 'बापडो' कोठून आले?

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी पेडणे-डिचोलीकडच्या जत्रांत रात्र जागवून दशावतारी काला पाहिला आहे त्यांस संकासुर सांगावयास नको. काळ्या वेषातला तो सोंगाड्या सूत्रधाराशी हुज्जत घालतो, पुढच्या रांगेतल्या मानकऱ्यांची टोपी उडवितो, आणि देवळाच्या प्रांगणातच त्याचे बोलणे खपवून घेतले जाते. परंतु त्याने वेद चोरले आहेत, हे प्रत्येकास आधीच ठाऊक असते. आरोप पक्का, मग विनोद. आणि शेवटी विष्णूच्या हातून निकाल. वकिलाच्या भाषेत बोलावयाचे तर आरोपपत्र वाचून झाल्यावर तेथे हास्याला परवानगी आहे. स्टोन यांनी हा क्रम मोडला. त्यांनी प्रथम हसविले, नंतर आरोपीचे बालपण सांगितले, आणि आरोपपत्र मात्र पुरते वाचलेच नाही. न्यायालयात आरोपीच्या हालअपेष्टा सांगण्याची वेळ दोष सिद्ध झाल्यानंतरची, शिक्षा किती द्यावी हे ठरण्यापूर्वीची असते. येथे फिर्यादीचा वकीलच दोषसिद्धीच्या आधी दयेचा अर्ज घेऊन उभा राहिला आहे.

आरोपपत्रातील गाळलेली कलमे पाहा. २००० सालची निवडणूक या चरित्रात नाही! फ्लोरिडात ५३७ मतांचा फरक, फेरमोजणीचा वाद, आणि १२ डिसेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ती मोजणी थांबविणारा निकाल दिला. त्यातून हे गृहस्थ अध्यक्ष झाले. ज्याच्या अधिकाराचा उगम असा, त्याचे चरित्र उगम वगळून कसे सांगता येईल? ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला पडद्यावर घडत नाही. २००५ सालचे कॅटरीना वादळ नाही. ही निवड दिग्दर्शकाची आहे आणि निवडीचा अधिकार त्याला आहेच. तथापि वगळलेल्या या गोष्टी नेमक्या अशा आहेत की ज्यांत बाप-लेकाच्या भांडणाने काही उलगडत नाही. जे सूत्रात बसेना ते कापले, असा संशय आम्हांस येतो. बुश यांनी प्रत्यक्ष उच्चारलेली वेंधळी वाक्ये पटकथेत भलत्याच प्रसंगी घातली आहेत. हसू येते, परंतु एका ठिकाणचा पुरावा दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवला तर उलटतपासणीत तो टिकत नाही, हेही आम्ही विसरू शकत नाही.

आम्हांस सर्वांत अधिक खटकले ते जेवणाचे दृश्य. अध्यक्ष सँडविच खात आहेत, आणि चेनी त्यांच्यापुढे कैद्यांच्या चौकशीच्या कठोर उपायांचा विषय काढतात. घास गिळता गिळता मान्यता मिळते. प्रसंग चांगला रंगला आहे. परंतु असे उपाय कायद्यात बसवून देण्याचे काम त्या टेबलावर झाले नव्हते. न्याय खात्याच्या एका विभागाने १ ऑगस्ट २००२ रोजी सुमारे ५० पानांचे टिपण तयार केले, त्यात 'छळ' या शब्दाची व्याख्या इतकी आवळली की बहुतेक छळ तीतून निसटून जावा. ते कागद २००४ च्या जूनमध्येच उजेडात आले होते. म्हणजे स्टोन यांना ते उपलब्ध होते. त्यावर सही करणारे जे बायबी २००३ मध्ये संघीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मसुदा मुख्यतः जॉन यू यांचा, ते कायद्याचे प्राध्यापक. चित्रपटात या दोघांपैकी कोणी नाही. वेंधळा अध्यक्ष दिसतो, कावेबाज उपाध्यक्ष दिसतो. स्वच्छ टेबलाशी बसून, पूर्वीचे दाखले देत, शांतपणे लिहिणारा आमचा व्यवसायबंधू दिसत नाही. इराकवरील कारवाईस २००२ च्या ऑक्टोबरात प्रतिनिधिगृहाने २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी मान्यता दिली होती. त्या ३७३ जणांचे बाप काही थोरले बुश नव्हते.

एका बाबतीत मात्र स्टोन यांचा संयम आम्हांस मनापासून आवडला, ती म्हणजे प्रार्थना. दारू सोडून देवाकडे वळलेल्या माणसाची टवाळी करणे फार सोपे होते. दिग्दर्शकाने ती केली नाही. पाद्र्यासमोर गुडघे टेकलेला बुश खरा वाटतो, त्याचा पश्चात्ताप खरा वाटतो. प्रश्न पुढे उभा राहतो: देवाची इच्छा आहे म्हणून मी अध्यक्ष व्हावे, असे तोच माणूस सांगू लागतो तेव्हा. आपल्या देवळांत कौल लावतात. प्रसादपाकळी उजवीची पडेल की डावीची, हे मागणाऱ्याच्या हाती नसते. भटजी असतात, महाजन असतात, चार गावकरी टक लावून बसलेले असतात, आणि देव 'नाही' म्हणू शकतो. कित्येकदा म्हणतोही, आणि माणसे निमूट घरी जातात. या चित्रपटातील कौल एकट्याने लावलेला आहे आणि पाकळी दर वेळी उजवीचीच पडते. श्रद्धेची थट्टा न करता श्रद्धेच्या वापराकडे बोट दाखविणे, हे या चित्रपटात जेवढे साधले आहे तेवढे क्वचितच कोठे साधले असेल.

येथे कोणी म्हणेल, सत्तेवरच्या अध्यक्षाचे असे चित्र काढू दिले हेच काय थोडे? थोडे नव्हे, हे मान्य. १९५२ पासून तेथील सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाला भाषणस्वातंत्र्याचे कवच दिले आहे. आमच्याकडे अमृत नाहटा यांच्या 'किस्सा कुर्सी का' या चित्रपटाच्या प्रती आणीबाणीत नाहीशा झाल्या. खटला चालला, १९७९ मध्ये शिक्षा झाल्या, १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले, आणि नाहटांना तो चित्रपट नव्याने काढावा लागला. हे स्मरून आम्ही स्टोन यांच्या देशाला नमस्कार करतो. परंतु जेथे बोलण्यास आडकाठी नव्हती तेथे हातचे राखून का बोलले, हा प्रश्न त्यामुळे अधिकच तीव्र होतो.

इराक म्हणजे दूरची गोष्ट, असे निदान गोमंतकात कोणी म्हणू नये. १९९० च्या ऑगस्टात सद्दामने कुवेत गिळले तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीय विमानांतून मायदेशी आणावे लागले, आणि त्यांत येथली कितीतरी घरे होती. थोरल्या बुश यांनी १९९१ मध्ये कुवेत सोडविले आणि बगदादला न जाता सैन्य मागे घेतले. १९९२ च्या पराभवाच्या रात्री तो बाप रडतो आणि पुत्राच्या मनात एक सल रुतून बसतो, असे चित्रपट सुचवितो. नाट्य म्हणून ते दृश्य उत्तम आहे. पण मार्च २००३ मध्ये ज्यांच्या घरांवर बाँब पडले त्यांना या सलाचे काय?

शेवटच्या दृश्यात बुश रिकाम्या क्रीडांगणावर उभा आहे, चेंडू आकाशात गेला आहे, तो वर पाहतो, हात पुढे करतो. चेंडू खाली येतच नाही. मास्तरांनी चष्मा पुसला तो येथेच.

त्या रात्री जेवताना आम्ही त्यांना ५० पानांच्या टिपणाची हकीकत सांगितली. ते भातावर आमटी ओतता ओतता थांबले.

"बरयल्लें कोणें?"

आम्ही नावे सांगितली.

"पिक्चरांत आसात ते?"

"ना," आम्ही म्हणालो.