प्रांत नसलेली भाषा

मंडळी, आपल्या पनवेलहून उल्हासनगर काही लांब नाही. तिथं आपण कापड घेतलं, जीन्स घेतल्या, दुकानदाराशी हिंदीत घासाघीस केली. त्याची भाषा कधी ऐकली? मराठी समीक्षेनंही फारशी ऐकलेली नाही, आणि या तक्रारीत आम्हीही आलोच.

जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि सिंधी हिंदूंचं निघून येणं एकदम वाढलं. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत हजारो उतरले; १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. पंजाब, बंगालचा निदान तुकडा तरी इकडे उरला. सिंध अख्खा पलीकडे.

मग लिपीचं भांडण. जुनी अरबी वळणाची ठेवायची की देवनागरी घ्यायची? आपल्याला वाटतं, देवनागरी, सोपंच की! पण बघा, सिंधीत ग, ज, ड, ब यांचे श्वास आत ओढून केलेले वेगळे उच्चार आहेत. जुन्या लिपीत त्यांना स्वतंत्र अक्षरं. देवनागरीत अक्षराखाली रेघ मारावी लागते. शिवाय नव्या लिपीत शिकलेल्या नातवाला आजोबांची पत्रं वाचता येत नाहीत. १९६७ मध्ये सिंधी आठव्या अनुसूचीत आली, पण प्रांत कुठून आणणार?

सिंधमधल्या हैदराबादेत जन्मलेल्या पोपटी हिरानंदानी मुंबईत सिंधी शिकवत होत्या, लिहीत होत्या. त्यांच्या आत्मचरित्राला १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भाषावार राज्यासाठी लढलेल्या आपल्याला मात्र फाळणीचं साहित्य म्हटलं की मंटोच आठवतो. सिंधी लेखकाला पहिलं वाक्य लिहिण्याआधी लिपी निवडावी लागते, म्हणजे वाचकच निवडावा लागतो. आपल्या टीकाग्रंथांत याला कुठल्या प्रकरणात बसवणार?