मित्र कोणाचा?

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. पुढे साताऱ्यात मराठी शिकवताना ते मी कितीदा तरी वर्गात वाचले, आणि दर वेळी बापूला ‘आदर्श मित्र’ म्हणून मोकळा झालो. गेल्या वर्षी सांगलीत या नाटकाचे अभिवाचन होते. तिथे एक जुना विद्यार्थी भेटला. म्हणाला, “सर, तुम्ही बापूला आदर्श म्हणालात, आणि त्या दिवशी तुम्हाला सांगायला आणलेली माझी गोष्ट मी तशीच परत नेली.” इतक्या वर्षांचे माझे विवेचन या एका वाक्यापुढे उभे राहीना.

नाटकातली सुमित्रा, म्हणजेच मित्रा, एका स्त्रीवर प्रेम करते. बापू तिचे गुपित सांभाळतो, भेटींसाठी खोलीही देतो. पण प्रकरण अंगाशी येऊ लागते तेव्हा तोही पाठ फिरवतो, आणि मित्रा मरण पत्करते. तिला ना पोलीस धरतो, ना न्यायाधीश शिक्षा सुनावतो. निवेदक बापूच असल्यामुळे त्याचा चांगुलपणा आपण तपासून घेत नाही. मीही घेतला नव्हता.

म्हणून कायदा क्षुल्लक, असे मात्र नव्हे. सातारा आणि सांगली एकाच कृष्णेच्या काठची. सातारचे राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केले, सांगलीचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. भाषा एक, सणवार एक, राज्ये दोन. भारत आणि नेपाळ यांचेही काहीसे असेच. दसरा-दिवाळी, तीज, पशुपतिनाथ दोघांचे. पण दंडसंहितेतले कलम ३७७ इंग्रजांनी १८६२ पासून आपल्यावर लादले, नेपाळ त्या अमलाबाहेर राहिला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक अल्पसंख्याकांचे समान हक्क २००७ मध्येच मान्य केले आणि २०१५ च्या संविधानात त्यांचा उल्लेख आला. आपल्याकडे प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत, हे ठरायला २०१८ उजाडले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले. पुढच्याच महिन्यात नेपाळच्या लमजुंग जिल्ह्यात, कागदोपत्री दोघेही पुरुष असलेल्या जोडप्याच्या विवाहाची नोंद झाली. हा फरक लहान नव्हे. कागदावर नाव लागले, की दाद मागायला निदान जागा होते.

पण तेंडुलकरांचे शीर्षक दुधारी आहे. ही मित्रा नावाच्या मुलीची गोष्ट, तशीच मित्र म्हणवणाऱ्याचीही. पहिलीचा निकाल काठमांडूत एक लागेल, दिल्लीत दुसरा. दुसरीचा खटला मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना घराघरांत आणि वर्गावर्गांत चालतो, आणि तिथे आरोपी मित्रा नसते.

या नाटकावर बोलायची वेळ पुन्हा आली, तर मी बापूच्या मैत्रीपासून सुरुवात करणार नाही. त्याने फिरवलेल्या पाठीपासून करीन.