शब्दाला जागलेले साल

आमच्या घरी दिवाळीचा फराळ आटोपला की आणखी एक कार्यक्रम असतो. माझी नात वर्षभरात पाहिलेल्या चित्रपटांतले आपले आवडते पाच चित्रपट जाहीर करते. यादी प्रकारवार असते. एक थरारक, एक विनोदी, एक कौटुंबिक, एक डोक्याला खुराक देणारा आणि एक डोके घरी ठेवून पाहायचा. प्रत्येक नावावर भांडण होते, चकल्यांचा डबा रिकामा होतो, आणि शेवटी जो तो आपापल्या मतावर कायम राहून झोपायला जातो.

गेल्या खेपेस यादी संपल्यावर ती म्हणाली, "आजोबा, आता तुमची."

"माझे साल जुने आहे," मी म्हटले.

"चालेल. पण प्रकारवार पाहिजे. आणि जुने ते सोने, एवढेच कारण चालणार नाही."

अट रास्त होती. मी साल निवडले १९५७.

तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या तालुक्याच्या गावी चित्रपटगृह नव्हते. सुगी संपली की टूरिंग टॉकीजचा तंबू यायचा, आणि मुंबईत गर्दी खेचून दमलेले चित्रपट वर्षा-दोन वर्षांनी आमच्याकडे जणू हवापालटाला यायचे. म्हणजे १९५७ चे चित्रपट मी १९५७ साली पाहिलेलेच नाहीत. काही तंबूत पाहिले, काही पुण्यात कॉलेजात असताना मॅटिनीला, आणि आता हे सगळे पुन्हा एकदा, नातीच्या शेजारी बसून, तिच्या वीतभर पडद्यावर. तंबूत पडद्याला भोके होती, हिच्या पडद्याला मधूनच फोन येतो. प्रेक्षकाच्या नशिबी अखंड चित्रपट कधीच नसतो.

आधी हलकेफुलके घेऊ. विनोदी आणि थरारक असे दोन्ही रकाने मी एकाच चित्रपटाला देतो : 'नौ दो ग्यारह'. विजय आनंद यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. देव आनंदला महाबळेश्वरच्या काकाचे पत्र येते की माझी इस्टेट तुझी. तो ट्रक घेऊन दिल्लीहून निघतो, आणि त्या ट्रकमध्ये लग्नमंडपातून पळालेली कल्पना कार्तिक मुलाच्या वेषात लपलेली असते. पुढे इस्टेटीवर शिरकाव मिळावा म्हणून दोघे नवराबायको असल्याची बतावणी करतात. गंमत अशी, की त्याच साली एल. व्ही. प्रसाद यांच्या 'मिस मेरी'तही मीनाकुमारी आणि जेमिनी गणेशन नोकरीसाठी हेच सोंग घेतात. एकाच वर्षी दोन चित्रपटांतली खोटी जोडपी खरी होतात! पण 'मिस मेरी'त आपण शेवट कसा होणार हे पहिल्या घटकेलाच जाणतो आणि निर्धास्त हसतो. 'नौ दो ग्यारह'मध्ये पहिला अर्धा भाग रस्त्यावरच्या वाऱ्यासारखा मोकळा आहे आणि उत्तरार्धात दारे हळूहळू बंद होत जातात. हे वळण त्या तरुण दिग्दर्शकाने असे घेतले आहे, की आपण केव्हा हसायचे थांबलो ते आपल्याला कळत नाही. दोष सांगायचा तर एवढाच, की खलनायकाची कारस्थाने अखेरीस थोडी लांबतात. नातीने या चित्रपटाला पूर्ण गुण दिले. इथवर घरात शांतता होती.

'सामाजिक' या रकान्यात बी. आर. चोप्रा यांचा 'नया दौर'. गिरणीमालकाचा मुलगा शहरातून येतो, लाकूड कापायचे यंत्र बसवतो, मग तांग्यांच्या रस्त्यावर मोटार आणतो. दिलीपकुमारचा शंकर पैज मारतो की माझा तांगा तुझ्या मोटारीच्या पुढे जाईल. आमच्या गावात एस. टी. आधीच आली होती. १९४८ साली नगर-पुणे रस्त्यावर तिची पहिली गाडी धावली, आणि दहा वर्षांत आमचे तांगेवाले स्टँडच्या बाहेर गिऱ्हाइकाची वाट पाहत उभे राहू लागले होते. तंबूत त्या शर्यतीच्या वेळी सर्वांत मोठ्या शिट्ट्या त्यांच्या होत्या. खेळ सुटल्यावर मात्र ते एकमेकांशी न बोलता घोड्यांना चारा घालायला गेले. पडद्यावर तांगा जिंकला म्हणून दुसऱ्या दिवशीची पहिली एस. टी. काही चुकणार नव्हती.

'नया दौर'चा दोष तिथेच आहे. शेवटी मालकाचे मन वितळते, माणूस आणि यंत्र गळ्यात गळा घालतात. इतक्या मोठ्या प्रश्नाचे इतके सोपे उत्तर मला तंबूतही पटले नव्हते. पण या चित्रपटाचे खरे नाट्य शर्यतीत नाहीच. शंकर आणि कृष्णा हे दोन जिवलग मित्र एकाच मुलीवर जीव टाकतात आणि ठरवतात की ती देवळात कोणत्या रंगाची फुले वाहते त्यावर निकाल लावायचा. शंकरची बहीण फुले बदलते, कृष्णाला ते दिसते, आणि त्याला वाटते मित्राने दगा दिला. गाव दुभंगते ते मोटारीने अर्धे आणि या संशयाने अर्धे. एकमेकांना दिलेला शब्द मोडला अशी नुसती शंका आली, तर माणूस मित्राच्या वाटेतला पूल पाडायला निघतो.

इथे माझ्या ध्यानात आले, की मी प्रकारवार यादी करीत होतो खरी, पण हाताला लागत होती एकच गोष्ट. त्या सालातले मला आवडलेले सगळे चित्रपट 'शब्द' या वस्तूभोवती फिरतात. शब्द द्यायचा, राखायचा, मोडायचा, विकायचा. आणि त्याची किंमत कोण मोजतो ते पाहायचे.

'दो आँखें बारह हाथ' घ्या. हा माझा 'वेगळ्या वाटेचा' चित्रपट. गोष्ट गदिमांची, संगीत वसंत देसाईंचे, दिग्दर्शन आणि तुरुंगाधिकारी आदिनाथाची भूमिका शांतारामबापूंची. सहा खुनी कैद्यांना बेड्यांवाचून ओसाड माळावर नेऊन आदिनाथ त्यांच्याकडून शेती पिकवून घेतो. ही हवेतली कल्पना नव्हे. औंध संस्थानात १९३९ साली मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली होती. गदिमांचे बालपण त्याच माणदेशी मुलखातले आणि शिक्षण औंधातले. म्हणूनच त्या चित्रपटातला माळ नकाशावरचा वाटत नाही, पायाखालचा वाटतो. ते सहाजण बाजारात भाजी विकायला जातात, दलालांचे लोक त्यांना बडवतात, आणि ज्या हातांनी खून केले ते हात उलट उगारले जात नाहीत. कारण तसा शब्द दिलेला असतो. बेडी लोखंडाची असेल तर तोडता येते, विश्वासाची तोडवत नाही. संध्याबाईंची खेळणी विकणारी चंपा मला आजही जरा जास्तच नाचरी वाटते, आणि काही प्रसंगांत उपदेशाचा सूर चढतो. पण बैलाच्या झुंजीच्या चित्रीकरणात शांतारामबापूंच्या डोळ्याला खरोखर इजा झाली होती हे ठाऊक असल्यावर तो प्रसंग पाहताना टीकाकाराचे चष्मे आपोआप खाली ठेवले जातात. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले.

'डोक्याला खुराक' म्हणून 'प्यासा'. इथे शब्द म्हणजे अक्षरशः शब्द. कवी विजयच्या कवितांचे बाड त्याचे सख्खे भाऊ रद्दीत विकतात आणि ते विकत घेते गुलाबो, रस्त्यावरची वेश्या. सबंध शहरात त्या शब्दांची किंमत तिला एकटीला कळते. पुढे विजय मेला अशी बातमी पसरते आणि त्याच्या नावाचा बाजार भरतो. तो जिवंत परतल्यावर भाऊ पैशासाठी त्याला ओळखायला नकार देतात आणि पुढे पैशासाठीच ओळखतात. भरल्या सभागृहात विजय सांगतो की तो विजय मी नव्हे. गुरुदत्तने हे सारे फार थोड्या प्रकाशात दाखवले आहे. व्ही. के. मूर्तींच्या छायालेखनात चेहरे अंधारातून अर्धेच वर येतात, जणू उरलेला अर्धा चेहरा माणसाने गहाण टाकला आहे. विजयचे स्वतःवरचे प्रेम मला थोडे जास्त वाटते. जग वाईट आहे हे खरे, पण त्यात रद्दीतून कविता सोडवणारी गुलाबोही आहे, आणि तिच्याकडे पाहायला त्याला फार वेळ लागतो.

आता शेवटचा रकाना, कौटुंबिक. तिथे मी 'मदर इंडिया' हे नाव घेतले आणि घरात ठिणगी पडली.

हा चित्रपट दिवाळीच्या आठवड्यात, २५ ऑक्टोबर १९५७ रोजी, प्रदर्शित झाला. ऑस्करच्या परभाषिक चित्रपटांच्या अंतिम पाचांत पोहोचलेला हा पहिला भारतीय चित्रपट. मेहबूब यांनी आपल्याच 'औरत'ची (१९४०) गोष्ट पुन्हा मांडली आणि सावकार सुखीलालाच्या भूमिकेत दोन्ही वेळा कन्हैयालालच होते. नर्गिस आणि सुनील दत्त दोघांचाही जन्म १९२९ च्या जूनमधला; तरी पडद्यावर ती त्याची आई आहे याची शंका एक क्षणही येत नाही, हा अभिनयाचा चमत्कार. सासूने लग्नासाठी पाचशे रुपये काढले, आणि वहीत काय लिहिले ते वाचता न आल्यामुळे तीन हिस्से पीक नुसते व्याजात जाते. बिरजू त्या वहीचा सूड घेतो, वह्या जाळतो, लालाला मारतो आणि त्याच्या मुलीला पळवू पाहतो. मुलगा कुणाला अपाय करणार नाही असा गावाला शब्द दिलेली राधा त्याच्यावर गोळी झाडते.

"हा तुमचा कौटुंबिक चित्रपट?" नात म्हणाली. "आईने मुलाला मारायचे? तेही सावकाराच्या मुलीसाठी? गावाने राधाला काय दिले होते?"

मी म्हटले, "म्हणूनच तो शब्द मोठा. मुलगी मित्राची की वैऱ्याची हे पाहून राखला तर तो शब्द नव्हे, सौदा झाला. ज्या लालाने राधाच्या अब्रूची बोली लावली, त्याच्याच मुलीची अब्रू ती राखते."

"पटले. पण तुमच्या यादीत पुन्हा बघा. रद्दी सोडवते गुलाबो, मुलगा गमावते राधा. शब्दाची किंमत बायकांनीच का मोजायची?"

"आदिनाथही मरतो," मी म्हटले.

"त्याला सहा जण रडतात आणि त्याचे काम पुढे चालवतात. राधाला नंतर गळ्यात हार मिळतो आणि कालव्याचे उद्घाटन करायला बोलावतात." तिने चकली मोडली. "त्या दृश्यात तिचा चेहरा बघा, आजोबा. तिला हार नको आहे."

पंच्याहत्तर वर्षे चित्रपट पाहणाऱ्या माझ्यासारख्याला तो चेहरा अनेकदा दिसला होता, पण असा दिसला नव्हता. मेहबूबने तिला देवी केले ही टीका मी पूर्वीही ऐकली होती. नर्गिसने मात्र त्या शेवटच्या चेहऱ्यात देवी होण्याला नकार दिला आहे हे मला एका विशीतल्या मुलीने दाखवले. हा रकाना मी तिच्या नावावर केला.

मग मी तिला एक गोष्ट सांगितली. ती इथे लिहितो, कारण 'मदर इंडिया' माझ्या यादीत का आहे ते तिच्यावाचून पुरते कळणार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, आमच्या गावच्या एका सावकाराकडे दिवाणजी होते. वह्या त्यांच्या अक्षरात असत आणि अक्षर मोत्यासारखे होते. 'मदर इंडिया' आला तेव्हा ते आम्हा भावंडांना घेऊन तंबूत गेले. परतताना कंदिलाच्या उजेडात कुणी बोलेना. शेवटी अक्काने विचारले, "नाना, वहीत लिहिलेले सगळे खरे असते का हो?"

नाना थोडे चालले आणि म्हणाले, "लिहिलेले असते."

त्यांनी नोकरी सोडली नाही. पाच पोरे होती, सोडणार कशी? पण पुढच्या पाडव्याला नव्या वह्यांची पूजा झाली, आणि त्यानंतर मी पेढीवर डबा घेऊन जाई तेव्हा एक नवीन गोष्ट पाहिली. कुळाचा अंगठा घेण्याआधी नाना ती नोंद मोठ्याने वाचून दाखवीत. रक्कम, व्याज, मुदत. एकदा, आणि मग सावकाश दुसऱ्यांदा. मालकाला ते आवडत नसे. नाना त्याच्याकडे न पाहता वाचीत राहत.

नातीने सगळे ऐकले आणि आपल्या वहीत माझी यादी उतरवून घेतली. आजीने 'पेइंग गेस्ट' का नाही म्हणून तक्रार केली, ती तळटीप म्हणून नोंदवण्यात आली. मग नात वही पुढे करीत म्हणाली, "सही करा."

मी म्हटले, "आधी वाचून दाखव."

तिने वाचले. एकदा, आणि मग सावकाश दुसऱ्यांदा.