अभियांत्रिकीचा इतिहास आणि मोट शिवणारे हात

अभियांत्रिकीचा इतिहास सांगणाऱ्या मराठी लेखनाचा एक ठरलेला साचा आहे. मोहेंजोदडोच्या गटारांपासून आरंभ करायचा, वेरूळच्या कैलास लेण्यापाशी अभिमानाने थांबायचे, मग वाफेचे इंजिन, रेल्वे, खडकवासल्याचे विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे, आणि शेवटी अवकाशयान. या इतिहासात वस्तू आहेत, त्या करविणारे राजे आणि कंपन्या आहेत. ज्याच्या हातून वस्तू घडली तो माणूस मात्र नाही. ही उणीव केवळ अनवधानाची आहे काय?

यवतमाळ जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. डिझेलचे आणि विजेचे पंप येण्यापूर्वी इथल्या ओलिताच्या विहिरींवर मोट चालत असे. सोंडेची मोट हे साधे यंत्र नव्हे. मोटेच्या तोंडाला जाड नाडा असतो, तो उंचावरच्या चाकावरून जातो. सोंडेला बारीक दोर असतो, तो विहिरीच्या काठाशी बसविलेल्या रुळावरून जातो. दोन्ही दोर एकाच जुवाला बांधलेले. त्यांची लांबी अशी बेतलेली, की मोट वर चढताना सोंड दुमडून तोंडाच्या बरोबरीने उभी राहते आणि पाणी सांडत नाही. काठाशी येताच नाडा मोटेला वर ओढत राहतो, सोंड मात्र रुळावरून बाहेर खेचली जाते, आणि पाणी आपोआप थारोळ्यात पडते. मोट रिकामी करायला दुसरा माणूस लागत नाही. बैल धावेच्या उतारावरून जातात, म्हणून त्यांचे वजनही ओढीला लागते.

हे गणित कागदावर मांडलेले नव्हते. ते चामडे कमावणाऱ्या ढोराच्या, मोट शिवणाऱ्या चांभाराच्या आणि नाडा वळणाऱ्या मांगाच्या हातात होते. आणि गावाचा न्याय पाहा! चामड्याच्या पोटातून आलेले पाणी पिकाला चालले, पाटाला चालले. पण ते चामडे शिवणाऱ्याने त्याच विहिरीत पोहरा सोडलेला चालला नाही. यंत्र शुद्ध आणि यंत्र घडविणारा अशुद्ध! 20 मार्च 1927 रोजी महाडच्या तळ्यावर जो प्रश्न उभा राहिला, तो ओंजळभर पाण्यापुरता नव्हता. ज्यांच्या श्रमावर पाण्याची व्यवस्था उभी होती, त्यांच्या माणूसपणाचा तो प्रश्न होता.

हे असेच चालत आले होते, असे म्हणणेही खरे नाही. नाशिकच्या बौद्ध लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला, एक शिलालेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधासाठी एका उपासिकेने कारागिरांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवल्याची नोंद त्यात आहे. त्यात कुंभार आहेत, तेली आहेत, आणि 'ओदयंत्रिक'ही आहेत. पाण्याची यंत्रे करणारे, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. म्हणजे पाण्याचे यंत्र करणारा एके काळी ठेव सांभाळण्याइतका विश्वासाचा होता. पुढे त्याचा हात राहिला आणि नाव पुसले गेले.

इंग्लंडात जॉर्ज स्टीफन्सन हा कोळशाच्या खाणीवर आग सांभाळणाऱ्या मजुराचा मुलगा. अठराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हते. रात्रीच्या शाळेत तो अक्षरे शिकला आणि रेल्वेचा जनक ठरला. आपल्याकडे हाताला पुस्तकापर्यंत जाऊच दिले नाही. बुद्धी तीच, फरक होता तो शाळेच्या दाराचा.

पुढे यंत्रच परके आले. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली यवतमाळ–मूर्तिजापूर ही अडीच फुटी लोहमार्गाची गाडी सुरू झाली, तीच आपली 'शकुंतला'. 1921 साली मँचेस्टरला घडलेले तिचे इंजिन 1923 ते 1994 पर्यंत धावले. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेणे हा तिचा हेतू. आता थांबलेल्या या गाडीविषयी बरेच हळवे लेखन होते. त्यात इंजिनाचे वय असते, कंपनीचे नाव असते. रुळाखालची माती उचलणारा आणि डब्यातला कापूस वेचणारी नसते. यंत्र कुणाची अडचण सोडवते, हा प्रश्न हे लेखन विचारीतच नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा–कळंब हा टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला आहे. त्याबद्दलही हाच प्रश्न विचारावा लागेल.

हा प्रश्न विचारणारा माणूस होऊन गेला, पण साचेबंद इतिहासात त्याला क्वचितच जागा मिळते. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला दिशा दिली. त्यांच्याच कारकिर्दीत 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. पूर, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार व्हावा, आणि स्वस्त विजेतून गरिबी हटविणारे उद्योग उभे राहावेत, ही त्यांची दृष्टी होती. पाण्याला शिवू न दिलेल्या समाजातला माणूस देशाच्या नद्यांचे नियोजन करीत होता, ही अभियांत्रिकीच्या इतिहासातली लहान घटना नव्हे.

इथे आपल्यालाही एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मोटेतील ज्ञान आपले होते हे ठामपणे सांगावे. पण त्या अभिमानापोटी जातीच्या धंद्याला दागिना समजू नये. 'परंपरागत कौशल्य' म्हणून गौरव करायचा आणि पोराला पुन्हा आरी-रापीपाशी बसवायचे, हा जुनाच सापळा आहे. मोट शिवणाऱ्याचे नाव इतिहासात यावे आणि त्याची नात धरणाच्या आराखड्यावर सही करणारी असावी, या दोन्ही मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत. त्यातली एक सुटली, तर दुसरी पोकळ ठरेल.